घरघर पुसायची की ठेवायची

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज साफ करायचा असेल, तर आधी संगणकाला शांतता दाखवावी लागते. ध्वनिमुद्रणातला असा एक तुकडा निवडायचा, जिथे आपण काहीच बोललेलो नाही, आणि त्याची 'नॉइज प्रोफाइल' घ्यायची. या तुकड्यात जे ऐकू येते ते नको आहे, असे संगणक धरून चालतो. मग सगळे रेकॉर्डिंग निवडून तीच आज्ञा पुन्हा दिली, की ते नको असलेले सगळीकडून कमी होते. नवशिक्यालाही हे पहिल्याच बैठकीत जमते. नको म्हणजे नेमके काय, हे ठरवायला मात्र वेळ लागतो.

मळवलीत हा प्रश्न लगेच उभा राहतो, कारण इथे रिकामा तुकडाच हाती लागत नाही. कामशेत आणि लोणावळ्याच्या मधले हे स्टेशन. लोकल थांबते, एक्स्प्रेस गाड्या न थांबता धडधडत जातात. जवळून द्रुतगती मार्ग गेलेला. आषाढ-श्रावणात पत्र्यावर पाऊस, आणि शनिवार-रविवारी भाजे, लोहगड, विसापूरकडे निघालेल्या पोरांचा आरडाओरडा. खिडकी लावली, दाराला गोधडी टांगली, माइकपासून वीतभर अंतरावर बसले, तरी पडद्यावरची रेघ सपाट होत नाही.

आता त्या आज्ञेचा न्याय कसा असतो पाहा. ती दाखवलेल्या तुकड्यातला आवाज खर्ज ते तार अशा अनेक पट्ट्यांत वेगळा करते, प्रत्येक पट्टीत किती गोंगाट आहे ते टिपून ठेवते आणि पुढे त्या पातळीच्या खाली जे येईल ते दाबते. म्हणजे जे एकसुरी, सतत चालू आहे, ते दोषी. जे मधेच येऊन जाते, ते सुटते. द्रुतगती मार्गाची घूंघूं बरीचशी जाते, गाडीची शिट्टी राहते. पाऊस ओसरतो, पावशा राहतो. आपला कानही असाच वागतो. रुळांशेजारी राहणाऱ्याला पाहुणा आल्याशिवाय गाडी ऐकू येत नाही.

पण पावसाचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, आणि आपल्या बोलण्यातले स, श, फ हेही स्वभावाने फुसफुसणारेच. चुलीतला च तसाच. पाऊस जास्त पुसू गेले, की 'सासर'मधले दोन्ही स बोथट होतात आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असे वाटते. नवे शिकणारे सगळे, किती पुसायचे ते ठरवणारी पट्टी शेवटपर्यंत ओढतात. थोडे कमी करावे, ऐकावे, आणि थोडा पाऊस राहिला तर राहू द्यावा, असे माझे मत आहे. मावळातला आवाज आहे, त्यात पाऊस असणारच.

ऑडॅसिटी फुकट आहे. १९९९ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्यावर काम सुरू केले, २००० च्या मे महिन्यात ते लोकांच्या हाती आले. त्यात घुमारा चढवायची सोय आहे आणि तिच्या तयार नमुन्यांत न्हाणीघरापासून कॅथेड्रलपर्यंत सगळे सापडते. इथले लेणे मात्र त्यात नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १४ मीटर उंच, आत मारलेली हाक लगेच विरत नाही; तो घुमारा कुणी मोजून त्या यादीत बसवायला हवा होता. (तेही तिथल्या एकवीरेच्या यात्रेचा दिवस टाळून, नाहीतर नमुन्यात ढोलच येतील.) भाज्याच्या लेण्यात तर शिल्पातच एक बाई तबल्यासारखे जोडवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे.

नको म्हणून काढण्याजोगे काय, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहरजानचे गाणे फ्रेड गैसबर्गने ध्वनिमुद्रित केले. ध्वनिमुद्रिका सुमारे तीन मिनिटांची, कर्ण्यात तोंड घालून गायचे, चूक झाली तर सगळे पुन्हा. गाणे संपल्यावर ती इंग्रजीत आपले नाव सांगते. जर्मनीत हॅनोव्हरला तबकडीवर चिठ्ठी चिकटवणाऱ्याला गायिका कोण ते कळावे, एवढ्यासाठी ते होते. गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. आजचा कुठलाही शिकाऊ संपादक ते पहिल्या फटक्यात कापेल, आणि आज गौहरजान म्हटले की लोकांना आधी आठवते ते तेच.

मुळशी-मावळच्या डोंगरात ध्वनिमुद्रणाचे याहून मोठे काम झाले. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यभरातून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे. ते या कामात आल्यावर १९९३ ते १९९८ या काळात १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले. २०१७ पासून या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात.

त्या ऐकताना मला नेहमी ती नॉइज प्रोफाइल आठवते. समजा, जाते फिरते आहे आणि बाई अजून गात नाही, असा तुकडा निवडला. तो संगणकाला दाखवला, तर घरघर एकसुरी, सतत, म्हणून दोषी. तिचा मोठा भाग तो मुकाट्याने काढून टाकेल. उरलेला गळा स्वच्छ असेल, पण तो थांबतो कुठे आणि पुन्हा उचलतो कुठे, याचे कारण फाईलमधून गेलेले असेल. ओवीची लय दगडाच्या फेऱ्यातून येते. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण उगीच पडलेली नाही.

आमच्या शेजारी अकरावीतला एक मुलगा लॅपटॉपवर हे सगळे शिकतो आहे. त्यांच्याकडे जाते अजून आहे, लग्नाच्या हळदीपुरते निघते. त्याने आजीला बसवले.

"आजी, जातं नको फिरवू, नुसती ओवी म्हण."

"नुसती कशी म्हणू बाबा? हात थांबला की तोंड थांबतं."

मग जात्यासकट झाले. माइक दगडापासून दूर, तिच्या तोंडाजवळ ठेवला, एवढीच त्याची तडजोड. मला ती पटली, कारण माइकची जागा बदलून जे साधते ते नंतर पट्ट्या ओढून साधत नाही.

संध्याकाळी त्याने कापाकापी केली. हात त्याचा चांगला आहे. लाट जिथे शून्याची रेघ ओलांडते तिथेच कापायचे, म्हणजे सांध्यावर टकटक होत नाही, हे त्याचे त्यालाच कळले होते. त्याने आजीचे श्वास काढले, खोकला काढला, "थांब, आठवू दे" काढले, आणि स्वतःचे "पुढं?" सुद्धा. ओव्या एकीला एक चिकटून आल्या, सुबक.

आजीने हेडफोन न लावता, कान पुढे करून ऐकले. "एवढी भराभरा मी कुठं म्हणत होते?" ती म्हणाली. "आणि मधे तू विचारलंस ते कुठं गेलं?"

त्याने मूळ फाईल जपून ठेवली होती, हे बरे झाले. तिच्यावरून त्याने दुसरी प्रत केली. तिच्यात प्रश्न आहेत, थांबणे आहे, जाते तर आहेच. खोकल्यावरून दोघांचे थोडे वाजले. खोकला आजीच्या सांगण्यावरून गेला. फाईलच्या नावात त्याने गाव आणि तारीख घातली, आजीचे माहेरही घातले, कारण ओव्या तिकडच्या. फ्रिजची घूंघूं मात्र त्याने खुशाल काढली, आणि तिच्याबद्दल आजीने विचारलेही नाही.