चालणारे आणि वाहणारे

पायीं चालण्याची स्तुति आजवर पुष्कळांनीं केली आहे, आणि ती यथार्थहि आहे. वाहनांतून जाणाऱ्याचें लक्ष मुक्कामाकडे असतें, चालणाऱ्याचें वाटेकडे. चढण लागली म्हणजे विद्वान् आणि निरक्षर, सधन आणि निर्धन या सर्वांचाच श्वास सारखा फुलतो. म्हणून चालणें हें समतेचें शिक्षण आहे, असेंहि म्हणण्याचा प्रघात आहे. या शेवटच्या विधानासंबंधानें मात्र आम्हांस थोडा विचार करावासा वाटतो. चालण्यानें माणसें खरोखरच एका पातळीवर येतात काय? आणि जेथें मोटारीस बंदी आहे, तेथें ओझीं नाहींशीं होतात, कीं केवळ दुसऱ्याच्या अंगावर जातात?

हा प्रश्न विचारण्याजोगें एक गांव मुंबईपासून फार दूर नाहीं. रायगड जिल्ह्यांतील माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट उंचीवर आहे. नेरळहून घाट चढून येणारी मोटार दस्तुरी नाक्यापाशीं थांबते, आणि तेथून बाजारापर्यंतचें अडीच-तीन किलोमीटरांचें अंतर प्रवाशानें तिच्यावांचून तोडावयाचें असतें. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर गांवांत मोटारीस प्रवेश नाहीं. केंद्र सरकारनें २००३ सालीं माथेरान व त्याच्या भोंवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि जुन्या रीतीस कायद्याचें पाठबळ मिळालें. मोटार दूर राहिली म्हणजे काय काय परत येतें, याचा अनुभव येथें घेतां येतो. झाडांतून वारा वाहतो तो ऐकूं येतो. दोघे बोलत चालले असतां मध्येंच वाक्य तोडून बाजूस व्हावें लागत नाहीं. शहरांत मुलाचा हात घट्ट धरून ठेवणारी आई येथें त्याला दहा पावलें पुढें जाऊं देते.

असें गांव पायांखालीं घातल्यावांचून कळत नाहीं. उत्तरेस पॅनोरमा, दक्षिणेस वन ट्री हिल, मावळतीसाठीं नांवाजलेलें पॉर्क्युपाइन, प्रबळगडाकडे तोंड करून असलेलें लुइझा, हीं टोंकें नकाशावर अगदीं जवळजवळ दिसतात. पायांस तीं तशीं लागत नाहींत. जांभ्याच्या लाल मातीच्या वाटा दाट सांवलींतून वळणें घेत जातात, शार्लट तलावाच्या कांठीं आणि पिसारनाथाच्या देवळापाशीं क्षणभर विसावतात, आणि बहुतेक सर्व शेवटीं कड्याच्या धारेवर जाऊन संपतात. तेथें पोंचल्यावर पुढें जाण्यास जागा नसते. उभें राहून पाहणें आणि मागें फिरणें, एवढेंच हातीं उरतें. एका दिवसांत सगळीं टोंकें गांठण्याचा बेत करून निघालेला गृहस्थ संध्याकाळीं दोन टोंकांवर समाधान मानतो, आणि त्यांत त्याचें कांहींच नुकसान झालेलें नसतें. आपल्या शक्तीचें माप आपल्यास ठाऊक होणें, हा चालण्याचा पहिला लाभ आम्ही समजतों.

परंतु टोंकांचीं हीं नांवें कानांवर पडतांच दुसरा एक विचार मनांत येतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्यें हा डोंगर चढले, आणि त्यांनीं माथेरान शोधून काढलें, असें आपण वाचतों. धनगर, ठाकूर आणि कातकरी लोक या डोंगरांत त्यापूर्वींपासून वावरत होते. जें ज्यांचें हरवलेलें नव्हतें, तें त्यांनीं शोधण्याचें कारणच नव्हतें. पुढें अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी नेरळपासून डोंगरावर आणली, आणि १९०७ सालीं ती सुरू झाली. २००५ च्या अतिवृष्टींत तिचा मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला, तेव्हां तो पुन्हां बांधून काढण्यांत आला. या गाडीबद्दलचें लोकांचें प्रेम आम्हांस समजतें. तथापि स्टेशनापासून बंगल्यापर्यंत रूळ नव्हते. तेवढें अंतर माणसांनीं आपल्या खांद्यांनीं आणि डोक्यांनीं भरून काढलें, आणि त्या माणसांचीं नांवें इतिहासांत आलीं नाहींत.

गांवची स्वतःची स्मृति मात्र निराळी आहे. येथेंच १९१२ सालीं एका गरीब नाभिक कुटुंबांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते शिकून वकील झाले, शेतकऱ्यांच्या प्रश्नांत पडले, १९४२ च्या लढ्यांत विजेचे मनोरे पाडणाऱ्या तुकडीचे नायक झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर गोळीस बळी पडले. भाई कोतवाल हें नांव त्या भागांत आजहि आदरानें घेतलें जातें. हवा खाण्यास येणाऱ्या पाहुण्यास डोंगरावरील माणूस म्हणजे आपली सोय एवढेंच पुष्कळदां दिसतें. त्या माणसालाहि स्वतःचा मुक्काम असूं शकतो, याची आठवण करून देण्यास हें एक उदाहरण पुरेसें आहे.

आतां बाजाराच्या रस्त्याकडे पाहूं. पाहुणा मोकळ्या हातांनीं रमत चाललेला असतो, आणि त्याच्या पुढें त्याची पेटी कोणाच्या तरी डोक्यावर चाललेली असते. दूध, भाजी, गॅसच्या टाक्या, घर बांधण्याचें सामान हें सर्व घोड्यांच्या पाठीवरून, हातगाड्यांवरून किंवा माणसांच्या डोक्यावरून येतें. ज्यांस चालावयाचें नाहीं त्यांच्यासाठीं वर्षानुवर्षें हातरिक्षा होती. एक जण पुढें ओढी आणि चढावर एक-दोघे मागून रेटीत. म्हणजे ज्या रस्त्यावर सर्वजण पायींच जातात, त्या रस्त्यावर चालण्याचे दोन प्रकार झाले. एकाचें चालणें दोन दिवसांच्या हौसेचें, आणि तें थांबवितां येण्याजोगें. दुसऱ्याचें पोटासाठीं, आणि तें पावसाळ्यांतहि न थांबणारें. चढणीवर श्वास दोघांचाहि फुलतो हें खरें. परंतु थांबण्याचा अधिकार एकालाच असतो. समता श्वासांत नसून या अधिकारांत आहे, असें आमचें मत आहे.

सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें, माणसानें माणसास ओढून नेण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस धरून नाहीं असें ठरविलें. ती सहा महिन्यांत बंद करावी, आणि ओढणाऱ्यांस विजेच्या रिक्षा देऊन त्यांची उपजीविका चालू ठेवावी, असा आदेश त्यानें दिला. तेव्हां स्वातंत्र्यास ७८ वर्षें होत आलीं होतीं. एवढा काळ सुशिक्षित पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट थांबविण्यास न्यायालयाची आज्ञा लागावी, हें आपणां सर्वांनींच मनास लावून घेण्यासारखें आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. आपण रिक्षेंत बसलों नाहीं, तर ओढणाऱ्याची चूल कशी पेटणार? या युक्तिवादांत दया आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तीच दया बसणाऱ्याच्या फार सोयीची आहे. ज्यास दुसरें काम मिळत नाहीं त्याची संमति ही पूर्ण संमति नव्हे. शिवाय श्रम आणि अवमान यांत भेद केला पाहिजे. डोक्यावर पेटी घेणारा हमाल कष्टाचें काम करतो, पण त्या कामांत तो माणूसच राहतो. वस्तु जड आहे आणि ती नेण्याचें कौशल्य त्याच्यापाशीं आहे. धडधाकट मनुष्य जेव्हां दुसऱ्या मनुष्याकडून ओढला जातो, तेव्हां एक जण स्वतःची शक्ति असून वापरीत नाहीं, आणि दुसऱ्यानें जनावराची जागा घेतलेली असते. म्हातारी आजी, नुकताच आजारांतून उठलेला गृहस्थ, अपंग मूल यांची गोष्ट वेगळी. त्यांस वाहून नेणें समाजाचें कर्तव्य आहे. मात्र त्यासाठीं दुसऱ्या कोणाची छाती फुटण्याचें कारण नाहीं, आणि म्हणूनच विजेची रिक्षा हा आम्हांस योग्य मार्ग वाटतो.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. आज विजेची रिक्षा आली, उद्यां तिच्या मागून मोटार येईल. मग ती शांतता, ती लाल माती, तीं निर्भय मुलें कोठें राहतील? रस्त्यांवर बसविलेल्या फरशांवरून घोडे घसरतात म्हणून घोडेवाल्यांनींहि तक्रार केली आहे, आणि त्यांचेंहि पोट या रस्त्यावरच आहे. ही भीति आम्ही खोटी मानीत नाहीं. परंतु शांततेची किंमत कोणी द्यावी, हा मूळ प्रश्न तिनें सुटत नाहीं. शांतता आम्हीं भोगावी आणि तिची किंमत रिक्षा ओढणाऱ्याच्या गुडघ्यांनीं चुकवावी, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. रिक्षांची संख्या मर्यादित ठेवणें, त्या पूर्वीं ओढणाऱ्यांच्याच हातीं देणें, आणि धडधाकट पाहुण्यांनीं त्या म्हाताऱ्यांसाठीं मोकळ्या सोडणें, या तीन गोष्टी पाळल्या तर शांतता आणि न्याय यांचें एकमेकांशीं वैर राहणार नाहीं. पहिल्या दोन सरकारनें करावयाच्या आहेत. तिसरी सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, दोन दिवसांच्या सहलीवर एवढा गंभीर विचार कशाला? आमचें उत्तर असें कीं, डोंगर विषमता निर्माण करीत नाहीं. तो ती उघडी करतो. शहरांतल्या घरीं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढतें, धान्याचें पोतें दाराशीं येतें, केर नाहींसा होतो. यांतलें प्रत्येक ओझें कोणीतरी वाहिलेलें असतें, पण तो वाहणारा मागच्या जिन्यानें येतो आणि जातो. माथेरानला मागचा जिना नाहीं. एकच रस्ता, आणि त्यावर वाहणारा आणि ज्याचें वाहिलें जातें तो, दोघेहि एकमेकांस दिसतात. ज्याचें डोळे उघडे आहेत त्यास ही दृष्टि घेऊनच घरीं परतावें लागेल.

मग अशा गांवीं कुटुंबासह जाणाऱ्यानें काय करावें? आपण स्वतः उचलूं शकूं एवढेंच सामान बांधावें. मुलांस त्यांच्या वयाप्रमाणें लहानशी पिशवी द्यावी आणि ती त्यांनाच वाहूं द्यावी. जें आपल्यानें उचलवत नाहीं तें हमालास द्यावें, दर आधीं विचारावा, आणि चढण चढून आल्यावर दहा रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. त्याच्या बरोबरीनें चालावें. तो थांबेल तेथें थांबावें. त्यास अहोजाहो करावें आणि मुलांसमोर करावें, कारण मुलें उपदेशापेक्षां हें अधिक लवकर शिकतात. यानें जगांतील ओझीं हलकीं होणार नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु आपल्या वांट्याचें कोणतें आणि दुसऱ्यावर टाकलेलें कोणतें, हें पाहण्याची संवय तरी लागेल. आणि ती लागली, तर चालणें हें समतेचें शिक्षण आहे, असें म्हणण्याचा थोडासा अधिकार आपल्यास येईल.