जात ठरवण्याआधी

हिवाळ्यात तळोज्याला ऊन चढलं की औद्योगिक वसाहतीपलीकडे, कासाडी नदीच्या अंगाने, घारी घिरट्या घालू लागतात. अशाच एका सकाळचा फोटो समोर ठेवा. धुरकट आकाश, घारींचा थवा, आणि त्यांच्यात एक पक्षी जरा मोठा.

लगेच फोटो मोठा करू नका. सावकाश एक श्वास घ्या. मनात एखादं नाव आलंच असेल, ते तूर्त बाजूला राहू द्या.

आधी नुसता आकार पाहा. शेपटीला खाच आहे? मग बहुधा घारच. पण शेपूट पूर्ण पसरली की घारीचीही खाच दिसेनाशी होते, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. पंखांकडे या. रुंद, जड, टोकाला पिसं बोटांसारखी फाकलेली. शेपूट आखूड. हा गरुड.

इथे थांबा. एवढ्या अंतरावरून इतकं कळलं, त्याचा आनंद घ्या. पुढची घाई नको.

आता पंखांची खालची बाजू. मोठ्या ठिपकेदार गरुडाच्या पंखाचा पुढचा भाग सहसा मागच्या उड्डाणपिसांपेक्षा गडद असतो. भारतीय ठिपकेदार गरुडात तसा फरक नसतो, किंवा पुढचा भागच फिका असतो. स्टेपी गरुडाच्या पिल्लाला पंखाखाली लांबलचक पांढरा पट्टा असतो. वय वाढेल तसा तो विरतो. नावातल्या ठिपक्यांवर जाऊ नका. मोठ्या ठिपकेदाराचे ठळक पांढरे ठिपके लहान वयातले, प्रौढ पक्षी जवळजवळ एकरंगी तपकिरी.

तुमच्या फोटोत यातलं काय दिसतं? मागे उजळ आकाश असेल तर कॅमेऱ्याने सगळा पक्षी काळा केला असेल. मग गडद काय आणि फिकं काय, हे त्या काळेपणातून शोधू नका. डोळ्याला हवा तो पट्टा तिथे दिसू लागतो, आणि माझ्या मते चुकीची ओळख बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. चोचीची पिवळी कड डोळ्याखाली कुठवर जाते, ही स्टेपीची उत्तम खूण. ती थेट डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते. पण इथे डोळाच दिसत नाही. ती खूण सोडून द्या.

हे सोडून देणं मला फार मोलाचं वाटतं. स्टेपी गरुड कझाकस्तान, मंगोलियाच्या गवताळ प्रदेशांतून येतो, आणि जागतिक लाल यादीत तो 2015 पासून संकटग्रस्त आहे. मोठा ठिपकेदारही त्याच यादीत असुरक्षित गणला जातो. पाणथळ जागा भराव टाकून बुजवल्या जातात, तेव्हा त्या वाचवायला अशाच नोंदी पुढे ठेवाव्या लागतात. त्यातली एक जरी ओढूनताणून केलेली निघाली, तरी बाकीच्यांवरचा विश्वास डळमळतो.

म्हणून तारीख, वेळ, जागा लिहा, आणि पुढे फक्त ‘मोठा गरुड’. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही जात न ठरवता थांबता येतं. मग त्याच घिरटीतले बाकीचे फोटो एकेक करून उघडा. एखाद्यात तो वळला असेल आणि पंखाखाली ऊन पडलं असेल.