राखाडी फासलं की दगड होत नाही

तू दगड रंगवलेले नाहीस. पाट्या टाकल्या आहेस. खेळातले तीस-चाळीस चिमुकले पुतळे, दगडी गोलेम आणि गार्गॉइल, एका रांगेत उभे केलेस, सगळ्यांवर एकच राखाडी स्प्रे मारलास, त्यावर करडा फासलास, वरून एकच काळा पातळ वॉश ओतलास, शेवटी पांढरा ब्रश घासलास आणि हात झटकलेस. विचारलं तर म्हणतोस, "सर, बॅचमध्ये करतोय ना, मग असंच होणार." का होणार? कुणी सांगितलं तुला?

आणि हे बोलतोस कुठे राहून? जबलपुरात! मदन महालच्या टेकडीवर ग्रॅनाइटचे धोंडे एकावर एक पडलेत. 1997 च्या भूकंपातही तिथला बॅलन्सिंग रॉक ढळला नाही, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतोस. त्या दगडाचा रंग कोणता, सांग. राखाडी? नीट आठव. ग्रॅनाइटात फेल्डस्पारचे गुलाबी-दुधी कण असतात, क्वार्ट्झचे करडे असतात, अभ्रकाचे काळे ठिपके असतात. लांबून सगळं मिसळतं आणि करडं दिसतं, एवढंच. भेडाघाटला नावेतून फिरलास, तेव्हा तिथला संगमरवर नुसता पांढरा होता का? कुठे निळसर झाक नव्हती? भेगांतून तपकिरी ओघळ उतरले नव्हते? पूर ओसरल्यावर कड्यांवर नर्मदेच्या पाण्याची रेघ राहते, ती कधी दिसली नाही? मोबाईलमधून बघत होतास, दुसरं काय. नॉटिंगहॅममधल्या कुणा पेंटरचा व्हिडिओ मात्र थांबवून थांबवून बघतोस आणि त्याच्या दगडाची नक्कल करतोस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बॅचचं कारण मला सांगू नकोस. भेडाघाटच्याच चौसष्ट योगिनीच्या देवळात जा. कलचुरींच्या काळातलं, हजारेक वर्षांपूर्वीचं काम. गोल ओवरी, नाव चौसष्टचं पण कोनाडे 81. बहुतेक योगिनी साधारण एका मापाच्या, एकाच धाटणीत बसलेल्या. त्या कारागिरांचीही बॅचच होती, आणि तुझ्या प्लास्टिकच्या साच्यातून निघालेली नव्हती, छिन्नीने काढलेली होती. तरी हिचं वाहन वेगळं, तिचे हात वेगळे, अंगावरचे दागिने वेगळे. पीठावर नावं कोरलीत. आज मूर्ती भंगलेल्या आहेत, कित्येकींचे हात-चेहरे गेलेत, आणि तरीही एकीला झाकून दुसरी दाखवता येत नाही. तुझ्या रांगेतला तिसरा आणि तेरावा मी अदलाबदल केला, तर तुला कळेल?

बॅच म्हणजे कामाचा क्रम. एक पायरी सगळ्यांवर करायची, शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिला सुकलेला असतो, हात रिकामा राहत नाही. यात डोळे मिटायला कुणी सांगितलं? आधी एक नमुना पूर्ण करायचा असतो. पूर्ण म्हणजे तळाच्या मातीसकट. कोणता रंग कुठे चुकतोय, ते त्या एकावर कळतं. तू नमुना केलास? नाही. म्हणून एकच चूक तू तीस-चाळीस वेळा केलीस.

रंग एकदाच, पुरेल इतका कालवायचा आणि झाकून ठेवायचा, कारण तीच छटा पुन्हा जमत नाही. हे तुला माहीत आहे. मी शिकवलंय आणि तू करूनही दाखवलंयस. मग या वेळी अर्ध्यांवर निळसर करडा आणि अर्ध्यांवर बाटलीतला कोरा करडा का आहे? मध्येच संपला आणि उठायचा कंटाळा आला, हेच ना?

आता ड्रायब्रश. ब्रशातला रंग कागदावर पुसून पुसून जवळजवळ संपवायचा आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे कडाच रंग धरतात. तू ओल्या ब्रशानेच सारवलंस. खाचा बुजल्या. मूर्तिकाराने कोरलेला दगडाचा पोत तुझ्या हाताने मेला. वॉश खाचेत उतरायला हवा, तर तुझ्याकडे तो सपाट पाठीवर डबकं करून सुकलाय. मोठ्या दगडाची सावली ऊन पाडतं. 28 मिलिमीटरच्या पुतळ्यावर ऊन तेवढी सावली पाडू शकत नाही, म्हणून ती आपण रंगवायची. काळी नव्हे. करड्यात थोडा निळा आणि थोडा तपकिरी घाल, सावली जिवंत होते.

आणि तो प्रायमर, रंगाखालचा पहिला थर! भर जुलैत, बाहेर धो धो पाऊस, हवेला पाणी सुटलेलं, आणि तू गच्चीच्या दारात उभा राहून स्प्रे मारलास. तो पावडर होऊन खरखरीत बसला. ते मला 'दगडाचं टेक्स्चर' म्हणून दाखवलंस. मला? दोन दिवस उघडीप होईपर्यंत थांबवलं नाही? नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर होता की घरात.

"टेबलावर तीन फुटांवरून कोण बघतंय?" हेही ऐकलं मी. तू बघतोस. डाव संपल्यावर पुतळे डब्यात भरताना तुझीच नजर चुकते, ते मला दिसतं. ब्रश वाईट, दिवा पिवळा, परीक्षा जवळ. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याच ब्रशाने, त्याच दिव्याखाली गेल्या वर्षी तू एक म्हातारा ट्रोल रंगवलास. त्याच्या खांद्यावरचं शेवाळ पाहून मी गप्प झालो होतो. हात तुझाच होता ना? हात येत नसता तर मी एवढा ओरडलोच नसतो. चुका दाखवल्या असत्या आणि पुढे गेलो असतो.

वर नवीन खोका मागवलास म्हणे. जुने चाळीस अर्धवट आणि नव्याचं प्लास्टिक फाडायची घाई. आरंभशूर कुठला.

खोका कपाटात टाक आणि किल्ली आईकडे दे. रविवारी मदन महालला जा, फोन घरी ठेवून. एकच धोंडा निवड. सकाळी बघ, दुपारी बघ, वहीत पेन्सिलीने टिपून घे: कुठे गुलाबी, कुठे काळं, पाणी कुठून ओघळलंय, शेवाळ कोणत्या बाजूला धरलंय. मग या चाळिसातले पाचच घे. खरखरीत प्रायमर आधी नीट उतरव. गुळगुळीत प्लास्टिक दिसल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही. एक नमुना कर, तो मला दाखव, आणि मी हो म्हटल्यावरच उरलेल्या चारांना हात लाव.