कापडाचा खर्च कुणाच्या खात्यावर?

भोपाळ म्हटलं की डिसेंबर १९८४मधली ती रात्र आठवते. वायूचं नाव आठवतं, कंपनीचं नाव आठवतं, कंपनीचा प्रमुख अँडरसन ज्या विमानाने निघून गेला तेही आठवतं. पण तो कारखाना मुळात काढला कशासाठी होता, असं विचारलं तर बरेच जण थबकतात. युनियन कार्बाइड इथे ‘सेविन’ नावाचं कीटकनाशक बनवत होती. १९६९मध्ये कारखाना सुरू झाला तेव्हा बाहेरून आलेला माल इथे मिसळून विकला जाई. १९८०च्या सुमारास मिथाइल आयसोसायनेटही इथेच तयार व्हायला लागलं. सेविन भाजीपाल्यावर आणि फळबागांवर मारलं जाई, आणि कापसावरही. त्या रात्रीचं सगळं खापर कापसावर फोडणं हा अन्याय होईल. तरी भोपाळच्या आणि आपल्या अंगावरच्या सदऱ्याच्या मध्ये एक धागा आहे, तो नाकारता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सेविनचा खप घटला, कारखाना तोट्यात गेला आणि खर्चाला कात्री लागली. माणसं कमी झाली. टाकीतलं रसायन थंड ठेवणारी यंत्रणा १९८४मध्येच बंद केली गेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं तेव्हा यातलं काहीच कामी आलं नाही आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. आम्ही राहतो ते आनंद नगर रायसेन रोडवर, भेलच्या वसाहतीपलीकडे, शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. वाऱ्याने वायू नेला तो जुन्या शहराकडे. कंपनीने वाचवलेला पैसा शेवटी कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगराने भरला.

फॅशनच्या धंद्यातल्या शाश्वततेवर लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. या विषयावरच्या बहुतेक लेखांत वाचकाला विचारलं जातं: तुम्ही कपडे कोणते घेता, किती घेता, किती दिवस वापरता? प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुय्यम आहेत. भोपाळने शिकवलेला प्रश्न वेगळा आहे. एखादी वस्तू स्वस्त झाली, तर तिच्यातून वगळलेला खर्च गेला कुठे? खर्च नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी खात्यावर चढतो, आणि बहुतेक वेळा ते खातं दुकानापासून फार लांब राहणाऱ्या माणसाचं असतं.

यवतमाळ घ्या. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा फवारणी संपेल असं सांगितलं गेलं. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीवरची फवारणी खरोखर कमीही झाली. मग रसशोषक किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद देईनाशी केली आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. २०१७च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. एरवी फवारा कमरेखाली पडतो. त्या वर्षी नळी वर धरून फवारावं लागत होतं आणि औषधाचे तुषार तोंडावर, छातीवर, भिजल्या सदऱ्यावर पडत होते. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय होतीच. काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यांत पोचले. कुणाची दृष्टी अधू झाली, कुणी दिवसेंदिवस बेशुद्ध पडून राहिलं. त्यानंतरची चर्चा आठवून पाहा: मजुराने हातमोजे का घातले नाहीत, मास्क का लावला नाही? सप्टेंबरच्या दमट उकाड्यात रबरी अंगरखा घालून रोजंदारीवर एकरामागून एकर फवारणं शक्य आहे का, हे विचारणारे थोडेच होते. इथेही खर्च शेवटच्या माणसाच्या अंगावर गेला, वर दोषही त्याच्याच माथी आला.

पुढचा टप्पा रंगाईचा. तमिळनाडूतलं तिरुप्पूर हे होजिअरीचं गाव. जगभरच्या दुकानांतले टी-शर्ट तिथे शिवले जातात. तिथल्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी नासली, ओरथुपालयम धरणात रंगीत खारट पाणी साठलं आणि खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी गेल्या. हे शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या वर रंगाई कारखाने बंद करायला लावले. तोवर ‘सांडपाणी शून्यावर आणणं परवडत नाही’ असं म्हटलं जात होतं. टाळं लागल्यावर तेच तंत्र बसवलं गेलं आणि तिरुप्पूर बुडालं नाही. काही कामं गुपचूप शेजारच्या जिल्ह्यांत सरकली, हेही खरं. पण ‘परवडत नाही’ याचा अर्थ बहुधा ‘आजवर दुसरा कुणीतरी भरत होता’ एवढाच असतो, हे तिरुप्पूरने दाखवून दिलं.

आता कपड्याचं शेवटचं टोक. आनंद नगरच्या गल्ल्यांतून अजून बर्तनवाली फिरते. पुण्या-मुंबईत आपण तिला बोहारीण म्हणतो. तिचा सौदा बघण्यासारखा असतो. ती आधी शर्टाची कॉलर उलटी करून बघते, मग पॅंटची चेन ओढून पाहते, काखेतला उसवा बोटाने चाचपते आणि शेवटी कापड चिमटीत धरून चोळते. सुती असेल तर फाटकंही चालतं, कारण ते गॅरेजात, छापखान्यात पुसायला जातं. सुती चिंधी तेल-पाणी शोषते. पॉलिस्टरची चिंधी पाणी जेमतेम शोषते. असा कपडा धड असेल तरच तिला हवा असतो, नाहीतर ती बाजूला सारून म्हणते, “ये कौन लेगा, दीदी?” मग आपण एक पातेलं कमी घेतो आणि तो ढीग घंटागाडीत टाकतो. भोपाळचा कचरा आता आदमपूर छावणीच्या खंतीवर जातो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात आणि धूर आसपासच्या गावांना गिळावा लागतो.

बर्तनवालीच्या चिमटीत जे कळतं तेच आकडेवारी सांगते. २०००मध्ये जगात सुमारे ५ कोटी ८० लाख टन धागा तयार होत होता. २०२३मध्ये तो १२ कोटी ४० लाख टनांवर गेला. त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे, कापूस साधारण पाचवा हिस्सा. आपल्या आज्यांच्या घरात कापड क्रमाने उतरत जायचं: लुगडं, मग परकर, मग गोधडीचा थर, मग दुपटं, मग पोतेरं. ते पर्यावरणप्रेम नव्हतं, कापड महाग होतं म्हणून ते घडत होतं. पॉलिस्टरने ती उतरंड मोडली, कारण त्याला खालच्या पायऱ्याच नाहीत. कापूस आणि पॉलिस्टर एकत्र विणलेलं कापड तर पुन्हा सुटं करणंही जिकिरीचं आणि खर्चिक. जुन्या लोकरी आणि मिश्र कपड्यांपासून पानिपतला सूत काढतात, घोंगड्या विणतात, पण त्या सुताचा दर्जा पहिल्याच्या खालीच असतो.

इथे कुणी म्हणेल, स्वस्त कपड्यांवर एवढा राग का? मला राग नाही. एका लुगड्यावर वर्ष काढणाऱ्या बायका या देशात फार जुन्या नाहीत. शाळेत जाणाऱ्या पोरीला दिवाळीत दोन नवे ड्रेस मिळतात, पावसाळ्यात कपडे लवकर वाळतात, हे पॉलिस्टरने दिलेलं सुख आहे, आणि ज्यांची कपाटं ओसंडून वाहतात त्यांनी त्याला नाकं मुरडू नयेत. सैल मापाच्या हातमागाच्या कुर्त्यात वावरणाऱ्यांचा शाश्वततेचा तोरा गरिबांच्या अंगावर थुंकण्यासारखा वाटू शकतो. म्हणूनच हा प्रश्न खरेदीदाराच्या सद्गुणावर सोडून चालत नाही. सद्गुणाला पैसे लागतात.

आणि सद्गुणाचा शिक्का विकतही मिळतो. आमचा मध्य प्रदेश सेंद्रिय कापसात देशात आघाडीवर आहे. निमाडात, खरगोनकडच्या कसरावदच्या आसपास, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्विस सूत-व्यापाऱ्याच्या पुढाकाराने ‘बायोरे’ हा उपक्रम उभा राहिला. शेतकऱ्याला खरेदीची हमी, बाजारभावाच्या वर ठरावीक रक्कम आणि शेतापासून कपड्यापर्यंत माग काढता येईल अशी नोंद, अशी त्याची मांडणी होती. हे काम खरं होतं. पण मागणी वाढली तसं शिक्क्यालाच मोल आलं. २०२०मध्ये सेंद्रिय कापडाला प्रमाणपत्र देणाऱ्या जागतिक संस्थेनेच जाहीर केलं की भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. परदेशातल्या गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे मोजले, ते शेतकऱ्यापर्यंत पोचले नाहीत. वाटेत कागद बदलला, कापूस तोच राहिला.

आकड्यांचंही तसंच. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं. पण विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. तो आभाळाचं पाणी पितो, कालव्याचं नाही. तिथल्या शेतकऱ्याला छळणारी गोष्ट पाण्याच्या लिटरमध्ये मोजता येत नाही. ती भावात मोजावी लागते. २०२५-२६साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५मध्ये, कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत उठवलं गेलं. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, ती त्यांची गरज होती. पण गरज एकाची आणि झळ दुसऱ्याला, हा शिरस्ता शाश्वततेच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मग करायचं काय? उत्तराचा एक भाग भोपाळच्याच राखेतून आला आहे. १९८५च्या डिसेंबरात दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला आणि त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, डोळ्यांपुढे भोपाळ ठेवून, एक तत्त्व घालून दिलं: धोकादायक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हे बघायचंच नाही, नुकसान झालं तर जबाबदारी पूर्णपणे त्याची. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदाही भोपाळनंतरचाच. भोपाळच्या स्वतःच्या पदरात मात्र हे तत्त्व पडलं नाही. १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि भरपाई वाढवून मागणारी शेवटची याचिका मार्च २०२३मध्ये फेटाळली गेली. तत्त्व चांगलं होतं, ते वेळेवर आणि नेमक्या माणसावर लागू झालं नाही.

लागू झालं की फरक पडतो. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, ११३४ कामगार मेले. त्याआधी बड्या ब्रँडांच्या आचारसंहिता भिंतींवर लावलेल्या होत्याच. त्यानंतर जो करार झाला तो कायद्याने बांधणारा होता, कामगार संघटनांची त्यावर सही होती. मग इमारती तपासल्या गेल्या, जिने आणि दारं दुरुस्त झाली. फ्रान्सने २००७पासून कपडे विकणाऱ्यांवर जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीचा खर्च टाकला. युरोपीय संघाने २०२४मध्ये नियम केला की मोठ्या कंपन्यांना न खपलेले कपडे १९ जुलै २०२६पासून नष्ट करता येणार नाहीत. आपल्याकडे प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या आणि टायर यांची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आहेत. कापडासाठी तसं अजून काही नाही. ते काम बर्तनवाली करते, फुकट.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण आत्ता नवं काहीतरी उभं राहत आहे. केंद्राच्या पीएम मित्र योजनेतल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीजवळ नांदगाव पेठला होतंय, त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ला झाली. दुसरं आमच्या राज्यात, धार जिल्ह्यातल्या बदनावर तालुक्यात भैंसोला इथे. त्याची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ला. शेतापासून धागा, धाग्यापासून कारखाना, तिथून फॅशन आणि मग परदेश, अशी घोषणा आहे. त्याच धार जिल्ह्यात, पिथमपूरला, २०२५च्या सुरुवातीला भोपाळहून कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून नेला आणि जूनअखेरपर्यंत जाळला. पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले होते: भोपाळचा कचरा आम्ही का जाळायचा? चाळीस वर्षांनीही खातं बदलत राहिलं, बंद झालं नाही.

घोषणेतल्या पाच पायऱ्यांत परदेशानंतर काही नाही, आणि शेताच्या आधीही काही नाही. मागणी करायची तर नेमकी तिथे करायला हवी. उद्यानात प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याचं मोजमाप रोज आणि उघड्यावर लागलं पाहिजे, कारण सामायिक प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी मोजलं की कुणी काय सोडलं हे कधीच कळत नाही. तिथे माल घेणाऱ्या ब्रँडने कापूस कोणत्या तालुक्यातून, कोणत्या भावाने आला हे नोंदवलं पाहिजे. प्रमाणपत्र घेणाऱ्याने दिलेल्या कागदावर नव्हे, तर शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या पावतीवर. आणि विकलेल्या प्रत्येक किलो कापडामागे विल्हेवाटीची ठरावीक रक्कम उत्पादकाने भरली पाहिजे, जी गोळा करणाऱ्या बायकांपर्यंत आणि खंतीशेजारच्या गावांपर्यंत पोचेल. याने टी-शर्ट थोडा महाग होईल. व्हायलाच हवा, पण किती, हे कुणी अजून प्रामाणिकपणे मोजलेलंच नाही, कारण आजवर त्याचं बिल यवतमाळला, नोय्यलच्या काठाला आणि आदमपूरला जात होतं.

अमरावती आणि बदनावर या दोन्ही ठिकाणी पहिली यंत्रं फिरायच्या आधी या अटी लिहून घेता येतील. भोपाळमध्ये त्या कारखाना बंद पडल्यावर, कोर्टात मागाव्या लागल्या, आणि तोवर उशीर झाला होता.