दऱ्या की दर्या?

समोरचा चुकीचं बोलला तरी त्याला काय म्हणायचंय ते समजून घ्यावं, याला आपण सौजन्य म्हणतो. परक्या भाषेच्या गावात राहणाऱ्याचा तर या सौजन्याशिवाय एक दिवस निघत नाही. लिंग चुकतं, प्रत्यय भलताच लागतो, तरी भाजीवाली हवी तीच भाजी तोलून देते. गेली काही वर्षं मी वेब सर्व्हिस कशी रचायची आणि बांधायची हे शिकते आहे. त्या जगात हेच सौजन्य जुन्या वादाचा विषय आहे, हे कळल्यापासून मी त्याच्याकडे जरा सावधपणे पाहू लागले आहे.

वेब सर्व्हिस म्हणजे एका प्रोग्रामने मागायचं आणि दुसऱ्याने ठरलेल्या आकारात उत्तर द्यायचं. मध्ये चेहरा नाही, हातवारे नाहीत. म्हणून उत्तराच्या माथ्यावर तीन आकडी क्रमांक असतो. २०० म्हणजे काम झालं. चारशेच्या घरातला क्रमांक म्हणजे तुमच्या मागणीत काही चुकलं, पाचशेच्या घरातला म्हणजे चूक माझ्या बाजूची. दोष कुणाचा हे पहिल्याच ओळीत सांगायला लावणारी दुसरी बोली मला ठाऊक नाही. (प्रत्यक्षात पुष्कळ सर्व्हिस वर २०० लिहितात आणि आत, बारीक अक्षरात, काम झालं नसल्याचं कळवतात. सगळ्याला हसून ‘हो हो’ म्हणणारी माणसं असतात, तशा.)

१९८० साली जॉन पोस्टेल यांनी टीसीपी या संदेशवहनाच्या नियमावलीत एक तत्त्व लिहून ठेवलं. त्याचा मथितार्थ असा, की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा एखाद्या संताने नेटवर्कची नियमावली लिहिली आहे असं वाटलं. सुरुवातीचं इंटरनेट जोडलं गेलं त्यात या उदारपणाचा वाटा मोठा आहे. वेबची पानंही त्याच्याच जोरावर पसरली. एचटीएमएल धड न शिकलेल्या माणसानेही पान लिहिलं, टॅग बंद करायला विसरला, आणि ब्राउझरने अंदाज बांधून ते दाखवलं. दाराशी परीक्षा नव्हती, म्हणून इतके लोक आत येऊ शकले.

पण प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा होता. नव्याने ब्राउझर बांधणाऱ्याला नियम पाळून भागेना. आधीच्यांनी कोणकोणत्या चुका कशा पदरात घेतल्या, त्याची नक्कल करणं भाग पडलं. उदार होता एक आणि त्याचं देणं फेडत होता नंतर आलेला. यावर उतारा म्हणून दुसरं टोक गाठून झालं. १९९८च्या एक्सएमएलचा दंडक असा, की रचनेत एक चूक सापडली की वाचन तिथेच थांबवायचं. त्या शिस्तीत वाढलेल्या एक्सएचटीएमएलमध्ये एका विसरलेल्या खुणेपायी वाचकाला पानाऐवजी चुकीची सूचना दिसू शकत होती. लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाची शिक्षा वाचणाऱ्याला. लोकांनी ती मानली नाही, आणि २००९मध्ये एक्सएचटीएमएलच्या पुढच्या आवृत्तीचं काम गुंडाळण्यात आलं. २०१४मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ने तिसरी वाट धरली. मोडकं पान कसं वाचायचं तेच पायरीपायरीने लिहून काढलं. क्षमा करायची, पण सगळ्यांनी सारखी आणि उघड नियमाने. २०२३मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या एका दस्तऐवजानेही मांडलं, की चूक मुकाट पोटात घालत राहिलं तर ती कायमची होऊन बसते. याचा पुरावा रोजच्या वापरात आहे. वाचक कुठल्या पानावरून आला हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ या शीर्षाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर १९९६च्या दस्तऐवजात गळला, आणि आजही ते शीर्ष शुद्ध स्पेलिंगने पाठवलं तर ओळखलं जात नाही.

हे सगळं मला परकं का वाटलं नाही? कारण पोस्टेल यांचं तत्त्व म्हणजे अनुवादकाची रूढ स्तुती आहे. मूळ खडबडीत असो, बोलीतलं असो, वाक्य अर्ध्यावर सोडलेलं असो, अनुवादक ते समजून घेतो आणि बाहेर देताना नेटकं देतो. ‘अनुवाद वाटतच नाही,’ असं म्हणून आपण त्याची पाठ थोपटतो. या नेटकेपणाचं देणं मूळ लेखक फेडतो, आणि बहुतेकदा त्याला पत्ताही नसतो. जुन्या मराठी पुस्तकातलं ‘नाहीं’, ‘केलें’ ही अशुद्धं नव्हेत, त्या काळाचं लेखन आहे. मालवणी संवाद प्रमाण मराठीत ‘सुधारणं’ ही तर मदतच नव्हे.

आम्ही चार-पाच भाषांतले अनुवादक मिळून एक सामायिक शब्दसंग्रह ठेवतो. मी बांधते आहे ती सर्व्हिस त्याच्यासाठी. तिथे हा प्रश्न ‘दऱ्या’पाशी येऊन उभा राहिला. डोंगरातल्या दऱ्या लिहायला वेगळा ऱ लागतो. तो कळफलकावर सापडला नाही की साधा र वापरला जातो आणि दरीचा समुद्र होतो. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. हाच ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एकदा स्वतंत्र ऱ घेऊन, आणि एकदा साधा र, हलन्त आणि जोडणीचं अदृश्य चिन्ह घेऊन. कागदावर दोन्ही एकच, यंत्राला दोन शब्द. मल्याळममधल्या चिल्लू अक्षरांना २००८मध्ये स्वतंत्र स्थान मिळालं, तेव्हापासून तिथेही जुनी आणि नवी अशा दोन रीती नांदताहेत.

अदृश्य फरक मी मुकाट मिटवते. शोधताना दोन्ही रीती एक मानते, पण आलेलं मूळ रूप पुसत नाही. यात कुणाचं काही बुडत नाही असं मला वाटतं. ‘दर्या’ची गोष्ट निराळी. तिथे अंदाज बांधणं म्हणजे लेखकाच्या वतीने बोलणं. म्हणून असा जुळा शब्द आधीच संग्रहात असेल तर सर्व्हिस नोंद थांबवते आणि विचारते, तुम्हाला दरी म्हणायची आहे की समुद्र? आमच्यातल्या तरुण सहकाऱ्याला हा जाच वाटतो. अर्थाच्या रकान्यात ‘डोंगरांमधली खोल जागा’ असं लिहिलेलं असताना विचारायचं कशाला, असं तो म्हणतो. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबरच निघेल. पण उरलेल्या वेळी समुद्रावरची कुणाची तरी ओळ डोंगरात जाईल, आणि तिथे लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलंही नसेल.

ज्येष्ठ सदस्यांपैकी एकांचा आक्षेप मात्र माझ्यापाशी अजून तसाच आहे. विचारणा पाठवताना सर्व्हिस चारशेच्या घरातला क्रमांक लावते, म्हणजे चूक पाठवणाऱ्याची. ते म्हणतात, ‘‘अहो, माझ्या कळफलकावर तो ऱ मला दिसतच नाही, यात माझी चूक कुठली? आणि तुमचीही नाही म्हणा.’’ मी क्रमांकांची यादी पुन्हा एकदा चाळली. दोष ना मागणाऱ्याचा ना देणाऱ्याचा, असं सांगणारा क्रमांक तिच्यात नाही. तूर्त क्रमांक तोच ठेवला आहे आणि त्याखाली मराठीत दोन ओळी घातल्या आहेत. मल्याळममधल्या दोन ओळी लिहायला तिथल्या सहकारी बाईंना सांगितलंय.