अंतराचा धर्म

संकट माणसांना जवळ आणते, हा आपला जुना अनुभव आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात ज्यांची घरे वाचली त्यांनी ती इतरांसाठी उघडली. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूर भूकंपाने हादरले तेव्हा माणसे घरे सोडून मोकळ्यावर एकत्र आली. अशा वेळी धावून जाणे हाच शेजारधर्म. आणि जो धावून जात नाही तो माणुसकीत उणा, असे समाज समजतो. मार्च २०२० मध्ये आलेल्या संकटाने मात्र ही रीतच उलटी केली. धावून जाणे हा अपराध ठरला आणि घरात बसणे हे कर्तव्य. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, एरवी ज्या वर्तनाला आपण निष्ठुरता म्हणतो, तेच वर्तन परिस्थिती पालटताच सद्गुण होऊ शकते काय?

मध्यप्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरातच आढळले. ते परदेशांतून परतलेले होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि २१ दिवसांची तिची मुदत वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. सदर हा येथील छावणीचा बाजार. लष्कर, तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वे, उच्च न्यायालय यांच्या निमित्ताने बदलून आलेली कितीतरी माणसे या शहरात राहतात. त्यांचे आप्त दूर, आणि शेजारी तीन वर्षांचे सोबती. गावी आईवडील आजारी आणि आपण परमुलखात, हे बदलीच्या नोकरीचे जुनेच दुःख; त्या दिवसांत तर अंत्ययात्रेला वीसच माणसांची मुभा होती आणि तिथवर पोहोचण्यासाठी गाडीही नव्हती. अर्थात् ज्याला आपण रक्ताचे नाते म्हणतो ते दूरध्वनीवर उरले, आणि प्रत्यक्ष आधार भिंतीपलीकडच्या परक्याचा झाला.

मराठीत ‘सदर’ म्हणजे वाड्यातील ती जागा, जिथे घरचा माणूस व बाहेरचा माणूस समोरासमोर बसतात. माजघरात प्रवेश नाही, पण दारही बंद नाही. टाळेबंदीत शेजाऱ्यांचे नाते नेमके याच जागी येऊन थांबले. औषधाची पुडी उंबऱ्यावर ठेवावी, कडी वाजवावी आणि चार पावले मागे सरावे. त्या मागे सरण्यात तुटकपणा नव्हता. किंबहुना काळजीच होती.

पण ‘अंतर’ हा शब्द आपल्या समाजात निरागस नाही. शतकानुशतके आपण माणसांना दूर ठेवले आणि त्या दूर ठेवण्याला धर्माचे नाव दिले. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी मनातील सोवळे कायद्याने धुतले जातेच असे नाही. मग हे नवे अंतर त्या जुन्या अंतराहून भिन्न कसे? भेद संशयाच्या दिशेत आहे, असे मला वाटते. अस्पृश्यता म्हणते, ‘तू अपवित्र आहेस, तू दूर हो.’ साथीतील विवेक म्हणतो, ‘कदाचित् माझ्यापासून तुला अपाय होईल, मी दूर होतो.’ पहिल्यात दुसऱ्याचा अवमान आहे, दुसऱ्यात स्वतःवर बंधन आहे. बाहेरून पाहता दोन्हींत तेवढेच हात अंतर. नीतीच्या दृष्टीने मात्र ती परस्परविरुद्ध टोके होत. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक अंतर’ याऐवजी ‘शारीरिक अंतर’ असे म्हणणे पसंत केले, ते याच जाणिवेने.

हा भेद किती नाजूक आहे, हेही त्याच दिवसांत दिसून आले. डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवणाऱ्या देशात काही घरमालकांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना खोल्या रिकाम्या करण्यास सांगितले; त्यांच्यावरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढावा लागला. तो दुरुस्त करीत होता १८९७ चा साथरोग कायदा. पुण्याच्या प्लेगच्या आठवणीत त्या वर्षाला दोन चेहरे आहेत. एक घरात घुसून झडती घेणाऱ्या सत्तेचा. दुसरा सावित्रीबाई फुले यांचा, ज्या रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. सावित्रीबाईंनी तर अंतर मोडले, मग त्यांचे काय? त्यांनी धोका स्वतःवर घेतला. दुसऱ्यावर लोटला नाही. म्हणजे अंतर राखणे वा मोडणे यांत नीती नाही. त्याचा भार कोण वाहतो, यात आहे.

आणि इथेच आपल्यासारख्या पगारदार माणसाने थांबून विचार करावा. आपले घरी बसणे स्वस्त होते. महिनाअखेरीस वेतन खात्यात जमा होत होते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला तोच नियम फार महाग पडला. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील मजूर गाडी मिळेल या आशेने रुळांवरून भुसावळकडे चालत निघाले. दमून ते रुळांवरच झोपले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळाजण मृत्यू पावले. आपण पोटासाठी महाराष्ट्रातून मध्यप्रदेशात आलो. ते मध्यप्रदेशातून महाराष्ट्रात गेले होते. परमुलूख दोघांनाही होता. आपल्या हाती बदलीचा हुकूम होता, त्यांच्या हाती काहीच नव्हते.

नियम सर्वांना सारखा असावा, हे प्रशासनाचे ब्रीद खरे. ते आपण नोकरीभर पाळतो. परंतु सारखा नियम सर्वांवर सारखाच भार टाकतो, असे समजणे ही बुद्धीची आळशी सोय आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर अटीसह द्यावे लागते. दूर राहणे हा धर्म होऊ शकतो. मात्र ज्याला ते स्वस्त पडते त्याने, ज्याला ते महाग पडते त्याचा खर्च उचलला तरच. दाराशी ठेवलेली पुडी हा त्या खर्चाचा एक लहानसा हप्ता होता. उरलेले देणे शेजाऱ्याच्या दारापाशी संपत नाही. पुढे बदली होऊन आपण कुठेही गेलो, तरी ते आपल्या नावावर राहीलच.