पहाटेचा पर्वत आणि उंटवाला

दगडी पाट्या फुटल्यानंतर देवाने मोशेला पुन्हा सीनाय पर्वतावर बोलाविले, ती वेळ सकाळची होती. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायातील आज्ञा मोठी कडक आहे. मोशेबरोबर कोणी चढू नये, पर्वतासमोर गुरेमेंढरेही चरू नयेत. आज मिसर देशातील त्या पर्वतावर जाणारा यात्रेकरू मध्यरात्र उलटल्यावर निघतो, तो माणसांच्या रांगेतून, विजेऱ्यांच्या उजेडात, उंटांना वाट देत. परदेशप्रवासात मीही ती वाट चढलो आहे.

पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनाने तो बांधविला. तेथून शिखर गाठण्यास दोन-तीन तास लागतात. त्याची उंची २२८५ मीटर. उंटवाट संपली की अखेरच्या साडेसातशे पायऱ्या प्रत्येकाने आपल्या पायांनीच चढावयाच्या. मोशेचा सीनाय तो हाच, याविषयी पंडितांत एकमत नाही. तरी चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची भाविक स्त्री रविवारी पहाटे हाच पर्वत चढली होती. चढ इतका उभा, की खोगिरावर बसून जाता येईना, असे तिने आपल्या भगिनींना लिहिले आहे. शिखरावर पोहोचल्यावर तिच्या मंडळीने प्रथम मोशेच्या ग्रंथातील तो भाग वाचला. आता शिखरावर प्रथम कॅमेरे निघतात. सूर्य वर आला, तांबड्या खडकांवर ऊन पसरले, की थोड्याच वेळात माथा रिकामा होऊ लागतो.

येथे लखनऊ छावणीत आम्हा मराठी कुटुंबांची लहानशी प्रार्थनासभा भरते. बहुतेक घरे सैन्यातली. गोमतीकाठचा हा मुलूख तळहातासारखा सपाट. प्रवासाची हकिगत ऐकून एका निवृत्त सुभेदारांनी विचारले, "आम्ही बर्फातल्या चौकीवर चढायचो ते हुकूम म्हणून. पहाटे चारला एवढीच प्रार्थना, की पायाची बोटे शाबूत राहोत. तुम्हाला तर कोणी धाडले नव्हते. मग कशाला गेलात?"

प्रश्न खोचक वाटेल, पण त्याच पर्वतावर तो एलीयालाही विचारण्यात आला होता. त्याने आपले दुःख सांगितले, आणि त्याला आल्या वाटेने परत धाडण्यात आले. खाली तिघांचा अभिषेक करावयाचा होता.

डोंगर चढून दर्शनास जाणे आपल्या मातीत मुरलेले आहे. जेजुरी, वणी आहेत, आपली वांद्र्याची मोतमाउलीही टेकडीवरच आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु सीनायविषयी अनुवादाच्या चौथ्या अध्यायात निक्षून सांगितले आहे, की लोकांनी वाणी ऐकली, आकृती मात्र पाहिली नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मूळ हिब्रूत लोक गर्जना 'पाहत' होते, असा विलक्षण प्रयोग आहे. भाषांतरकाराला तेथे थांबावेच लागते. तरीही जे त्यांच्यापाशी उरले, ते शब्दच होते, आणि ते ऐकले पायथ्याशी उभ्या असलेल्यांनी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले शास्त्राचे भाषांतर केडगावी सिद्ध झाले. तेथे कोणते शिखर होते?

म्हणून सूर्योदयाला मी दर्शन म्हणणार नाही. तो सुंदर होता, इतकेच. मनाला टोचणी लागली ती निराळ्या गोष्टीने. वाटेवरचे उंटवाले जबालिया जमातीचे बेदुइन. सम्राटाने मठाच्या रक्षणासाठी वसविलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. आमच्या पुढे चालणारा उंटवाला विशीचाही नसेल. रात्रभर जागा, पायांत साध्या चपला, रोज हाच चढ. याच पर्वताशी जोडलेल्या शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी, पशू यांच्याही विसाव्याची आठवण ठेवलेली आहे. तो मुसलमान, त्याला ती आज्ञा कशाला, असे म्हणून सुटका होत नाही. तीत वेशीच्या आतील परकाही आहे. आणि येथे तर परके आपण!

मग त्याला बोलावूच नये काय? तसे केले तर त्याची चूल थंड पडते. आपल्या भक्तीचा भार दुसऱ्याच्या झोपेवर किती टाकावा, याचे माप मला ग्रंथांत सापडलेले नाही. मात्र पर्वतावरून उतरल्यावर, पायथ्याशी, त्याच्या मजुरीची घासाघीस करणारे यात्रेकरू मी पाहिले. त्यांच्यापैकी काहींच्या हातांत बायबल होते. सुभेदारांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी इतकेच विचारले, "त्या पोराचे नाव काय?"